असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स
असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स ही नामवंत चित्रकारांची मुद्राचित्रे अल्प किमतीत विकणारी न्यू यॉर्क येथील संस्था होती. महामंदीमुळे चित्रांना ग्राहक मिळेनासे झाले असताना रीव्ह्‌ज लेवेन्थाल यांनी १९३४ मध्ये तिची स्थापना केली. थॉमस हार्ट बेंटन, ग्रँट वुड, जॉन स्ट्युअर्ट करी आदींनी संस्थेसाठी लिथोग्राफ व एचिंग पद्धतीची चित्रे केली. एका चित्राच्या साधारणतः २५० प्रती काढून त्यांवर चित्रकार पेन्सिलीने स्वाक्षरी करीत. त्यामुळे ही चित्रे तैलचित्रांच्या छापील नकला नसून स्वतंत्र कलाकृती ठरत. आरंभी प्रतीची किंमत ५ डॉलर होती. प्रथम मोठ्या दुकानांतून व पुढे टपालाने विक्री झाल्याने मूळ कलाकृती मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या आणि चित्रकारांनाही उत्पन्न मिळाले.