शितावरून भाताची परीक्षा

नाथषष्ठीला आमच्या पैठणच्या घरी पाहुण्यांची रीघ लागायची. मोठ्या पातेल्यात भात रटरटत असायचा. आजी उलथन्याने भात तळापासून वर करायची आणि मगच एक शीत बोटांत चेपून पाहायची. ‘वरचं शीत वरचंच सांगतं रे,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. परवा एका स्नेह्यांनी आतड्यातील जिवाणूंच्या तपासणीचा रंगीत अहवाल माझ्या हाती दिला, तेव्हा तेच आठवलं. बरेच पैसे मोजून घेतलेल्या त्या अहवालावर विसंबून त्यांनी ज्वारीची भाकरी सोडली होती.

पोटातले जिवाणू मोजण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. शरीरात आपल्या पेशींच्या दसपट जिवाणू असतात, असं तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. त्याचं मूळ १९७२ सालच्या एका अंदाजात आहे. अमेरिकेतील थॉमस लकी यांनी हिशेब मांडला : आतड्यातील एक ग्रॅम ऐवजात दहा हजार कोटी जिवाणू, ऐवज एक किलो, म्हणजे एकूण शंभर लाख कोटी. हिशेब सोपा होता. पण आतडं म्हणजे काठोकाठ एकसारखी भरलेली कणगी नव्हे. लहान आतड्यात जिवाणू विरळ असतात. खरी दाटी मोठ्या आतड्यात, आणि तिथला ऐवज साधारण ४०० ग्रॅम. तरीही हा अंदाज पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आणि चाळीसेक वर्षं फारसं कुणी ती पायली पुन्हा भरून पाहिली नाही. २०१६ साली रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी नव्याने मोजदाद केली. जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, पेशी ३० लाख कोटी. दसपट कुठली, जवळजवळ बरोबरीच!

ही झाली एकूण संख्या. कोणता जिवाणू किती, हे त्याहून अवघड. पूर्वी जिवाणू बशीत वाढवून मोजत. पण आतड्यातील अनेकांना प्राणवायू सोसत नाही, ते साध्या बशीत वाढतच नाहीत. म्हणून आता मळातून डीएनए काढून वाचतात. त्यातही काही जिवाणूंचं कवच चिवट असतं. ते नीट फुटलं नाही, तर त्यांची हजेरी कमी लागते. शिवाय अहवालात बहुधा टक्के असतात. पोत्यात ज्वारीचा टक्का वाढला, तर ज्वारी वाढली की बाजरी घटली? नुसत्या टक्क्यावरून ते कळत नाही.

मग हे शास्त्र खोटं का? मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचे नमुने तपासले होते. एका घरातली माणसं, म्हणून वयाचा फरक पाहायला सोयीची. अशा कामातूनच आपल्याकडच्या पोटांची ओळख होते. मात्र मूठभर माणसांवरून साऱ्या देशाचं पोट कळत नाही.

बाजारात वजनावर शिक्का लागतो. इथे तसं माप आत्ता कुठे येतं आहे. २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने मानवी मळाचा प्रमाणित नमुना प्रयोगशाळांसाठी उपलब्ध केला. सर्वांनी तोच तपासायचा आणि आपलं माप पारखून घ्यायचं.

स्नेह्यांना मी एवढंच म्हटलं, ‘अहवाल डॉक्टरांना जरूर दाखवा. पण भाकरी सोडण्याआधी एवढं विचारा, की शीत काढण्यापूर्वी पातेलं हलवलं होतं का?’