विद्येचा खर्च आणि स्त्रियांचा वाटा

बारावीचा निकाल लागला की आपल्या नया नगरात पेढ्यांबरोबर एक काळजीही घरोघर येते. मुलीला गुण चांगले मिळाले, पण पुढचा खर्च कसा भागवावयाचा? पुष्कळ घरांत हा प्रश्न बोलला जात नाही. मुलगीच मुकाट्याने शिकवणीवर किंवा दुकानात कामाला लागते. ही अडचण आजची नव्हे. आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षे ती लोकांपुढे आहे, आणि तिच्यातून वाट काढण्यात स्त्रियांचा वाटा किती मोठा होता हे आपण सहसा आठवत नाही.

कॉलेजचा खर्च म्हणजे फी, असे आपण समजतो. पण घर सोडून शहरात आलेल्या विद्यार्थ्याला फीपेक्षा पोटाची चिंता अधिक असे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात गरीब विद्यार्थी वारांनी जेवत, नाही तर माधुकरी मागत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी पाने ठरलेली असत. ज्या गृहिणींनी हे पान वाढले त्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत. पण कित्येक विद्वान त्यांच्या अन्नावर शिकले. मात्र या रीतीला जातीचे कुंपण होते. ब्राह्मण मुलाला पान मिळे. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या किंवा अस्पृश्य मानलेल्याच्या मुलाला त्या ओटीवर जागा नव्हती.

ही उणीव ओळखून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वसतिगृहे काढविली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. पुढे निरनिराळ्या समाजांची निघाली. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिला महाराजांचाच आधार होता. राहण्याजेवण्याची सोय झाली की खेड्यातील मुलगा शिकू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

परंतु राजाचा आश्रय सर्वांना कोठून मिळणार? भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. मुले एका पंक्तीस जेवत, आपले काम आपण करीत. या संसाराचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर पडला. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही बाई परक्या मुलांची आई झाली. वसतिगृहात धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना मोडला जाई, आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. आपल्याकडे बाईला मंगळसूत्राचे मोल काय असते ते आपणांस सांगावयास नको. १९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्थेचे पहिले कॉलेज, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज, १९४७ मध्ये निघाले, ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तेथे नावारूपाला आली. विद्यार्थ्याने शेतात, बागेत किंवा बांधकामावर काही तास श्रम करावयाचे आणि त्यावर आपले शिक्षण चालवावयाचे. श्रम करण्यात कमीपणा नाही, ही शिकवण त्या मुलांना पुस्तकाबाहेर मिळाली.

मुलींची अडचण याहून बिकट होती, कारण त्यांच्यासाठी पैसा खर्चण्याची इच्छाच नसे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. त्यासाठी दारोदार वर्गणी मागत हिंडल्या त्या पार्वतीबाई आठवले. त्या स्वतः विधवा. शिक्षणही मोठेपणी झालेले. १९१८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, इंग्रजी जेमतेम येत असता त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या. कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव त्या विद्यापीठास आहे. मोठी देणगी सर्वांच्या ध्यानात राहते. पण त्याआधीची वीस वर्षे ते कार्य आणा-रुपयाच्या वर्गणीवर तगले होते.

मुंबईत आणखी एक वाट निघाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या डॉ. आंबेडकरांना गरिबाची ओढाताण ठाऊक होती. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे सकाळी वर्ग भरत, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला नोकरी सांभाळून पदवी घेता आली.

आज सरकारी साहाय्य पुष्कळ वाढले आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने, सरकारी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास गेलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घटकांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ झाले. पण जुनी गोष्ट अजून खरी आहे: फी सुटली तरी पोट, पुस्तके आणि प्रवास सुटत नाहीत. मीरा रोडहून रोज चर्चगेटपर्यंत जाणाऱ्या मुलीला पासाचे पैसे लागतात, दुपारचा डबा लागतो. शिवाय उत्पन्नाचा दाखला वेळेवर निघाला नाही किंवा अर्जाची मुदत टळली, तर हक्काची सवलतही हातची जाते.

आपल्यापैकी कोणी मंगळसूत्र मोडावे, असे येथे कोणाचे म्हणणे नाही. परंतु ज्या बहिणीने आपल्या मुलीचे अर्ज एकदा भरले आहेत तिने शेजारणीच्या मुलीबरोबर दोन तास बसावे. वापरून झालेली पुस्तके रद्दीत न घालता मंडळात आणून द्यावीत. हळदीकुंकवाच्या वाणातले थोडे वाचवून एखादीच्या पासाला लावावे. पूर्वी विद्यार्थ्याला आठवड्याचे सात दिवस सात घरांनी वाटून घेतले. आपली इमारत तर सात घरांहून कितीतरी मोठी आहे.