कॉफीवाली सिगार 'माइल्ड' असते म्हणजे नेमकं काय असतं?

इन्स्टाग्रामवर असं एखादं रील तुम्हालाही दिसलं असेल. बाल्कनी, पावसाळी हवा, टेबलावर एस्प्रेसोचा छोटा कप आणि शेजारी अॅशट्रेमध्ये ठेवलेली जाडजूड सिगार. खाली लिहिलेलं असतं, 'कॉफी इन्फ्युज्ड, एकदम माइल्ड, नवख्यांसाठी बेस्ट.' कमेंटमध्ये दोनच प्रश्न येतात. एक, कुठे मिळते? आणि दोन, कॉफीची आहे म्हणजे त्रास कमी ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तर आधी ही वस्तू बनते कशी ते बघावं लागेल.

सिगारमध्ये कागद नसतो. आत भरलेली पानं, ती बांधून ठेवणारं एक पान आणि बाहेरून गुंडाळलेलं सगळ्यात देखणं पान, सगळी तंबाखूच. पानं आधी सुकवतात, मग त्यांचे मोठे ढीग रचून महिनोन् महिने आंबवतात. ढिगाच्या आत उष्णता वाढते, अमोनिया बाहेर पडतो आणि पानाचा कडवट उग्रपणा उतरतो. आपल्याकडचा जुना शब्द 'चिरूट' याच कुळातला. तो तमिळमधल्या 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी, या शब्दावरून आला. तिरुचिरापल्लीचे चिरूट ब्रिटिश काळात थेट लंडनपर्यंत जायचे.

मग कॉफी कुठून आली?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट, कॉफी न घालताही सिगारला कॉफीसारखी चव येते. जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवलेल्या गडद पानाला 'माडुरो' म्हणतात. त्यात साखर आणि अमिनो आम्लं यांची जी रासायनिक क्रिया होते, ती कॉफीचं बी भाजतानाही होते. भाजलेल्या कॉफीचा वास ज्या पायराझिन गटातल्या संयुगांमुळे येतो, त्यातली काही तंबाखूच्या धुरातही असतात. त्यामुळे एखाद्या रिव्ह्यूमध्ये 'कॉफी आणि कोकोची चव' असं लिहिलं असेल, तर त्या सिगारला कॉफीचा थेंबही लागलेला नसण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे खरी 'इन्फ्युज्ड' सिगार. तंबाखू आजूबाजूचा वास पटकन शोषून घेते. या गुणाचा फायदा घेऊन पानं किंवा तयार सिगार कॉफीच्या सहवासात बंद जागेत बरेच दिवस ठेवतात. स्वस्त मालात एवढा वेळ कोणी घालवत नाही, सरळ अर्क फवारतात. बऱ्याचदा तोंडात धरायच्या टोकाला गोडवाही लावलेला असतो. ओठाला पहिल्यांदा लागते ती 'लाटे'ची चव बहुतेक वेळा या गोडीचीच असते.

या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं नाव 'ड्रू इस्टेट'. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही कंपनी निकाराग्वातल्या एस्तेली शहरात सिगार वळते. २०१४ मध्ये ती 'स्विशर' या मोठ्या अमेरिकन कंपनीनं विकत घेतली. तिची 'टबाक एस्पेशल' ही मालिका निकाराग्वाच्याच कॉफीत मुरवलेली असते. हे जुळलंही भूगोलामुळे. क्युबातल्या १९५९ च्या क्रांतीनंतर तिथले तंबाखूवाले बाहेर पडले, त्यातले काही एस्तेलीच्या खोऱ्यात आले. आणि एस्तेलीच्या शेजारीच हिनोतेगा आणि मातागाल्पा, म्हणजे निकाराग्वाचा कॉफीचा पट्टा.

'जावा' नावाची दुसरी लोकप्रिय सिगारही ड्रू इस्टेटनंच बनवली, पण रॉकी पटेल यांच्या ब्रँडसाठी. होय, पटेलच. भारतीय वंशाचे हे गृहस्थ आधी लॉस एंजेलिसमध्ये वकिली करायचे. नव्वदच्या दशकात त्यांनी 'इंडियन टबॅक' नावानं सिगारचा धंदा सुरू केला आणि आज अमेरिकेतल्या सिगारच्या बाजारात त्यांचं नाव मोठं आहे.

'माइल्ड' म्हणजे कमी काय?

सिगारवाल्यांच्या भाषेत माइल्ड म्हणजे धूर जिभेला आणि घशाला हलका लागतो, मिरमिर कमी होते. हे साधारणपणे बाहेरच्या पानावरून ओळखतात. फिकट सोनेरी 'कनेक्टिकट शेड' हे त्यातलं प्रसिद्ध पान. शेतावर कापडाचं छत बांधून, ऊन गाळून ते वाढवतात, म्हणून पातळ आणि मऊ होतं. टबाक एस्पेशलच्या 'दुल्से' प्रकाराला हेच पान असतं, तर 'नेग्रा'ला जाड, काळपट ब्रॉडलीफ.

म्हणजे हा चवीबद्दलचा शब्द आहे. निकोटिनबद्दल तो खात्रीनं काहीच सांगत नाही.

आता आकडे बघू. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनुसार काही सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असते. शिवाय सिगारेट काही मिनिटांत संपते, मोठी सिगार तास-दीड तास चालते. तोवर खोलीत बसलेले बाकीचे लोकही तोच धूर घेत असतात, त्यांना कॉफी आवडो न आवडो.

"पण आम्ही धूर आत घेत नाही," हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. सिगार ओढायची पद्धत तशीच आहे हे खरं. धूर तोंडात घोळवायचा, चव घ्यायची, सोडून द्यायचा. पण निकोटिनला फुप्फुसाचीच वाट लागते असं नाही, आणि हे मराठी माणसाला वेगळं समजवायची गरज नाही. आपण तंबाखूला चुना का लावतो? चुना अल्कधर्मी असतो. त्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं. सिगारच्या तंबाखूचा धूर बिनचुन्याचाच अल्कधर्मी असतो. सिगारेटचा धूर तुलनेनं आम्लधर्मी, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. सिगारला तोंड पुरतं.

म्हणून पहिल्यांदाच 'माइल्ड' सिगार ओढणाऱ्याला अर्ध्या तासात घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं, गरगरतं, कधी उलटी होते. यालाच आपल्याकडे 'तंबाखू लागली' म्हणतात. कॉफीचा वास आणि टोकाची गोडी इथे उलटं काम करते. साध्या सिगारमध्ये कडवटपणा 'आता पुरे' असं सांगतो. इथे ते सांगणारं कोणी नसतं.

बाकी तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका सिगारनं वाढतो. कॉफी घातल्यानं त्यातलं काही कमी होत नाही, कारण जळते ती तंबाखूच.

एक गंमत राहिली. तरतरी येते ती कॉफीमुळे असं अनेकांना वाटतं. कॉफी इथे वासापुरती असते, लागणारी किक निकोटिनची. उलट तंबाखूच्या धुरातले काही घटक यकृतातल्या एका एन्झाइमला कामाला लावतात आणि नियमित धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून कॅफिन जवळपास दुप्पट वेगानं बाहेर पडतं.

कायद्याचं काय?

'माइल्ड' हा शब्द स्वतःच वादात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या ११ व्या कलमात दिशाभूल करणाऱ्या शब्दांची उदाहरणं दिली आहेत, त्यात 'लाइट'सोबत 'माइल्ड'ही आहे. भारतानं हा करार २००४ मध्येच मंजूर केला.

अमेरिकेत २००९ च्या कायद्यानं मेंथॉल सोडून बाकी सगळ्या फ्लेवरच्या सिगारेट बंद केल्या, पण सिगार त्यातून सुटली. २०२२ मध्ये फ्लेवरवाल्या सिगारवर बंदीचा प्रस्ताव आला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. मधल्या काळात, २०२३ मध्ये, तिथल्या एका न्यायालयानं 'प्रीमियम सिगार'ना केंद्रीय नियमांतून वगळलं. मजा अशी की प्रीमियमच्या त्या व्याख्येत तंबाखूशिवाय दुसरी ठळक चव नसावी अशी अट आहे. म्हणजे रीलमध्ये जी सिगार 'प्रीमियम' म्हणून मिरवते, ती कॉफीमुळेच कायद्याच्या भाषेत प्रीमियम ठरत नाही. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यानं तर दुकानातली सगळीच फ्लेवरवाली तंबाखू बंद केली आहे.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुढे खायच्या सुगंधी तंबाखूवरही ती आली. पण ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे आणि सिगार काही अन्न नाही. कमला मिल आगीनंतर २०१८ मध्ये हुक्का पार्लर बंद झाली, त्यातही ही येत नाही. टपरीवरची सुगंधी पुडी बेकायदा आणि काचेच्या कपाटातली सुगंधी सिगार कायदेशीर, असं हे चित्र आहे. त्यात किमतीचा आणि गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा वाटा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सिगारला लागू होतो तो २००३ चा 'कोटपा' कायदा. अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही, सार्वजनिक जागी ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा हवा, परदेशातून विक्रीसाठी आणलेल्या डब्यावरसुद्धा. आणि याच कायद्याचं ५ वं कलम तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी घालतं. कायद्याच्या यादीत सिगार आणि चिरूट दोन्ही नावानिशी आहेत. त्यामुळे पैसे किंवा फुकट माल घेऊन 'नवख्यांसाठी बेस्ट' असं सांगणारं रील तुमच्या फीडवर आलं, तर ते या कलमाच्या कचाट्यात येऊ शकतं.