तारापूर : आधी अणुभट्टी, मग नियामक

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक संमत केले आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला प्रथमच वैधानिक दर्जा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. खासगी गुंतवणुकीच्या चर्चेत ही बाब मागे पडली. तिचे महत्त्व जाणण्यासाठी आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूरचा इतिहास पाहावा लागतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू केली. तेव्हा देशात वेगळा नियामक नव्हता. प्रकल्प उभारणे, चालवणे आणि त्याची सुरक्षा तपासणे, हे सारे अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली होते. अमेरिकेने १९७४ च्या कायद्याने प्रसार आणि नियमन यांची फारकत केली. भारतात नियामक मंडळ आले ते १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, तारापूरनंतर चौदा वर्षांनी. तेही स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालील आदेशाने. हे मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, त्याचे अध्यक्षपद त्याच विभागाच्या सचिवांकडे असे.

आदेशाने दिलेले अधिकार आदेशानेच काढून घेता येतात. २००० मध्ये तसेच घडले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रकल्पांवरील देखरेख मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे सोपवण्यात आली. परिणामी तारापूरच्या एकाच किनाऱ्यावर दोन व्यवस्था नांदू लागल्या. वीज देणाऱ्या भट्ट्यांना परवाना मंडळाचा. किरणोत्सारी कचरा काचेत बद्ध करून साठवणारे भाभा केंद्राचे प्रकल्प मात्र त्या केंद्राच्याच परिषदेखाली.

या काचेतील सीझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षांचा आहे. त्याची किरणोत्सारिता हजारांश होण्यास ३०० वर्षे लागतात. देखरेख ही इतक्या पिढ्यांची जबाबदारी ठरते.

नियमनासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमणारे २०११ चे विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. दरम्यान, २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या दुबळ्या कायदेशीर स्थानावर बोट ठेवले होते.

तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरणच्या ग्रामस्थांनी आपली गावे सोडली. परिसरातील रहिवाशांच्या दृष्टीने भट्टी आणि कचरा असा भेद नसतो. वारा आणि समुद्र एकच असतो. म्हणून नव्या कायद्याची कसोटी एकच : स्वतंत्र तपासनीस भट्टीच्या दाराशी थांबतो, की कचऱ्याच्या कोठारापर्यंत पोहोचतो?