पडद्यावरील देवनागरी आणि अक्षरघडणीच्या कामाची वाटणी

छापखान्यात जुळवलेला खिळा कागदावर उमटला की अक्षराचे रूप कायमचे ठरून जात असे; संगणकाच्या पडद्यावर मात्र ते वाचकाच्या यंत्रात, वाचनाच्या वेळीच घडते. या घडणीतले कोणते काम फॉन्टने करायचे आणि कोणते ऑपरेटिंग सिस्टिमने, याची वाटणी प्रत्येक कंपनीने आपापल्या रीतीने केली, आणि त्यामुळे एकच मराठी मजकूर दोन यंत्रांवर दोन तऱ्हांनी दिसू लागला.

सुरुवातीच्या फॉन्टमध्ये २५६ जागा असत आणि त्यांत रोमन अक्षरांच्या ठिकाणी काना, वेलांट्या, अर्धी व्यंजने असे देवनागरीचे तुकडे बसवले जात. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक उत्पादक स्वतः ठरवी. साहजिकच फाइलबरोबर तोच फॉन्ट गेला नाही, तर वाचकापुढे रोमन अक्षरांची निरर्थक रास येई. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. या दोन्हींत अक्षराच्या आकाराला नव्हे, तर अक्षराला क्रमांक मिळाला, आणि आकार घडवण्याची जबाबदारी यंत्रावर येऊन पडली.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी ओपनटाइप ही फॉन्टची रचना जाहीर केली. तिच्या आधाराने विंडोज २००० मध्ये ‘युनिस्क्राइब’ हा घटक देवनागरी जुळवू लागला आणि त्याच्या जोडीला र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आला. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे हे लिपीचे सर्वसाधारण नियम युनिस्क्राइबकडे होते, तर जोडाक्षरांची रूपे फॉन्टकडे. ॲपलने मात्र हे नियम फॉन्टच्या आतच ठेवणारी रचना स्वीकारली होती. म्हणून विंडोजसाठी केलेला फॉन्ट त्या काळी मॅकवर विस्कटत असे.

या भिन्नतेची झळ मराठीला अधिक बसली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोन्हींत र् आणि या यांचाच संयोग आहे, पण पहिल्यात रफार चढतो आणि दुसऱ्यात र चे आडवे अर्धरूप येते. हे अर्धरूप हिंदीला लागत नाही. ते मिळवण्यासाठी ‘ऱ’ला हलन्त जोडणे किंवा ‘र’ आणि हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालणे, असे दोन मार्ग युनिकोडने ठेवले, आणि डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द शोधयंत्राला वेगळे वाटू लागले. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळण्यास तर २००८ साल उजाडले.

जुळणीतील एकरूपता पुढे हार्फबझ या मुक्त प्रणालीने बरीचशी साधली. बेहदाद एस्फहबोद यांनी तिची नव्याने बांधणी केली आणि फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सर्वांनी ती स्वीकारल्याने जुळणीचे नियम एकाच ठिकाणी दुरुस्त होऊ लागले. या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम हेच म्हणावे लागेल.

स्पष्टतेचा प्रश्न मात्र वेगळा राहिला. जुळलेले अक्षर पडद्याच्या ठिपक्यांवर बसवताना रेषा ठिपक्यांच्या ओळीत सरकवण्याच्या सूचना फॉन्टमध्ये असतात. विंडोजने त्या कसोशीने पाळल्या, त्यामुळे शिरोरेषा ठसठशीत दिसे, पण वळणे दातेरी होत. मॅकने रेखाटलेला आकार जपण्याला महत्त्व दिले, म्हणून तीच शिरोरेषा कमी घनतेच्या पडद्यावर ठिपक्यांच्या दोन ओळींत करड्या रंगाने पसरे. लिनक्सवर अक्षरे उमटवणाऱ्या फ्रीटाइपला या सूचना वापरण्यात ॲपलच्या पेटंटांची अडचण होती आणि ती २०१० मध्ये पेटंटांची मुदत संपल्यावरच दूर झाली. आजच्या दाट ठिपक्यांच्या पडद्यांवर हा भेद पुष्कळ पुसट झाला असला, तरी फॉन्टमध्ये ओळीच्या उंचीची तीन वेगवेगळी मापे नोंदलेली असतात आणि प्रत्येक प्रणाली त्यांतले आपल्या पसंतीचे माप घेते. ती मापे परस्परांशी जुळवलेली नसली, तर ‘र्कीं’सारख्या अक्षरावरचा रफार आणि अनुस्वार आजही एखाद्या यंत्रावर वरून कापला जातो.