फासे, ज्वारी आणि काळवीट

आज बीडच्या रानात जाऊ. उभ्या ज्वारीत हरणांचा कळप शिरला की खातो कमी, तुडवतो जास्त.

फासेपारधी हे नाव फाशांवरूनच पडलं. पद्धत ऐका. हरणांच्या वाटेवर ओळीने फासे लावायचे, शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपामागे जायचं आणि हळूहळू त्याला फाशांकडे वळवायचं. बंदूक नाही, आरडाओरडा नाही. हरणाला दिसतो फक्त चरणारा बैल! (मी दिवसभर बग शोधतो, पण एवढा धीर माझ्यात नाही.)

पारध्याचं पोट भरायचं, शेतकऱ्याचं पीक वाचायचं. मग 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे पारध्यांवरही जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का राहिला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली. बरंच झालं, चित्ता तर आपण आधीच संपवला होता. पण शिकारीवर जगणाऱ्याने उद्यापासून काय खायचं, हे कुणी विचारलं का?

आता शेतकरी भरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघतो. आणि रात्री ज्वारी राखायला कधीकधी पारधीच असतो, हातात बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा.