खालची ओळ

"बाबा, अजून किती दगड बघायचेत?"

यॉर्क सोडून ए-१ला लागलो आणि मागच्या सीटवरून प्रश्न आला. अर्थात इंग्रजीत. आमच्या नऊ वर्षांच्या कन्येला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की मात्र गाडी अडते. तिच्या आजीला फोनवर "हो", "नाही", "बरं" एवढ्यावर भागवावं लागतं. असो.

तर लाँग वीकेंड होता. लीड्सहून निघून उत्तरेला हेड्रियनची भिंत बघायची, असा बेत. सम्राट हेड्रियनच्या हुकमावरून इ.स. १२२मध्ये हिचं बांधकाम सुरू झालं. पूर्वेला टाइन नदीपासून पश्चिमेला सोल्वेच्या खाडीपर्यंत, सुमारे ११७ किलोमीटर. शाळेत 'रोमन' म्हटलं की डोळ्यांसमोर इटलीतली माणसं यायची. प्रत्यक्षात या भिंतीवर पहारा देणारे बहुतेक जण इटलीचे नव्हतेच. कुणी आजच्या बेल्जियममधले, कुणी नेदरलँड्समधले, तर धनुर्धारी थेट सीरियातले. म्हणजे आपल्या भाषेत, ऑनसाइट आलेली मंडळी! पंचवीस वर्षं चाकरी केली की मग नागरिकत्व. हे वाचल्यापासून मी व्हिसाबद्दल जरा कमी कुरकुरतो.

पहिला मुक्काम साउथ शील्ड्स. टाइन नदी समुद्राला मिळते तिथे आर्बिया नावाचा रोमन किल्ला आहे. तिथल्या म्युझियममध्ये १८७८ साली सापडलेला एक समाधीचा दगड ठेवलाय. त्यावर एक बाई वेताच्या खुर्चीत बसलेली, हातात चाती, पायाशी लोकरीची टोपली, बाजूला दागिन्यांची पेटी. चेहरा मात्र फुटलेला. नाव रेजिना.

"रेजिना म्हणजे राणी ना?" बायकोने विचारलं. हो, राणी. पण ही राणी आधी गुलाम होती. दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुवेलौनी टोळीतली. बाराटेस नावाच्या माणसाने तिला मुक्त केलं, तिच्याशी लग्न केलं, आणि ती तिसाव्या वर्षी वारली. बाराटेस मूळचा पाल्मायराचा, म्हणजे सीरियातल्या वाळवंटातला. तिथून इथलं अंतर साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त.

ही सगळी माहिती दगडावर लॅटिनमध्ये आहे, आणि ते लॅटिन यथातथाच आहे. (आमच्या सुरुवातीच्या ईमेल्स आठवल्या.) पण त्याखाली आणखी एक ओळ आहे, वेगळ्याच वळणदार लिपीत, उजवीकडून डावीकडे. ती त्याची स्वतःची पाल्मायरीन भाषा. अर्थ एवढाच, की बाराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय हाय! लॅटिनमध्ये वय, टोळी, नातं, सगळा तपशील आहे. दुःख मात्र खालच्या ओळीत आहे.

"पण ते इथे कोण वाचणार होतं?" कन्येचा प्रश्न. उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी विंडोलांडा. या किल्ल्याच्या ओल्या मातीत १९७३पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडतायत. त्यातलं एक इ.स. १००च्या आसपासचं. क्लॉडिया सेव्हेरा नावाची एका अधिकाऱ्याची बायको मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं करते. मजकूर लेखनिकाने लिहिलाय, पण खाली चार प्रेमाचे शब्द तिने स्वतःच्या हाताने खरडलेत. पुन्हा खालचीच ओळ!

परतताना कॉर्ब्रिज लागलं. तिथेही एका पाल्मायराच्या माणसाचा समाधीचा दगड सापडलाय. वय ६८. दगड फुटल्यामुळे नावाची सुरुवात गेलीय, उरलंय ते '...राथेस'. हा आपला बाराटेसच असावा असं काही अभ्यासकांना वाटतं, पण खात्री नाही. मी वाकून खालची ओळ शोधली. नव्हती. फक्त लॅटिन, तेही मोजकं.

तोच असेल, तर बायकोसाठी त्याने आपल्या भाषेत लिहून घेतलं, पण त्याच्यासाठी तसं लिहिणारं मागे कुणी उरलं नव्हतं. तो नसेल, तरी त्याच्या गावच्या दुसऱ्या कुणाचं तरी तसंच झालं होतं.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बायको म्हणाली, "तुझ्या दगडावर कोण लिहिणार?"

"आपल्यात दगड कुठे लावतात?" मी म्हटलं. पण प्रश्न तो नव्हता, हे दोघांनाही कळलं होतं.

तर गेल्या रविवारपासून आमच्या किचन टेबलवर अर्धा तास बाराखडी सुरू झालीय. 'ळ' आणि 'ल' यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. 'ज्ञ'ला तर कन्येने साफ नकार दिलाय. किती दिवस टिकतं बघू. परवा फोनवर मात्र ती "बरं"च्या पुढे गेली. आजीला म्हणाली, "आजी, मी खूप दगड बघितले."